गाडीचा स्वभाव

ताईंचा धंदा रागातून सुरू झाला होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने मोठ्या हौसेने माशांसाठी काचेची टाकी आणली. तिचा सांधा गळला, पाणी जमिनीतून खालच्या बिऱ्हाडाच्या कपाटावर उतरलं, आणि खालच्या मंडळींनी जे बोलणं टाकलं ते कायमचंच. ताई रिकामी टाकी काखोटीला मारून दुकानात गेल्या. दुकानदार कान कोरत बसला होता. कान कोरणं न थांबवता तो म्हणाला, "नव्या टाकीला थोडं झिरपतंच, बाई. कुठलीही घ्या."

ताईंचे वडील खिडक्यांच्या काचा कापायचे. त्यांच्या हाताखाली ताई लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. त्या घरी आल्या, पातं घेऊन टाकीच्या चारही भिंती सुट्या केल्या, जुना चिकटा खरवडून काढला, कडा घासल्या आणि टाकी पुन्हा जोडली. त्यानंतर तिने कधी थेंब सांडला नाही. पुढे शेजारच्यांनी तशी टाकी मागितली, मग त्यांच्या मेहुण्यांनी, मग दुकानांनी. बघता बघता घराच्या तळमजल्यावर कारखाना उभा राहिला. तयार टाकी काठोकाठ भरून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कागदावर डाग दिसला की टाकी फोडायची, हा तिथला कायदा. डाग नखाएवढा असला तरी. त्या कान कोरणाऱ्याचं दुकान कालांतराने बंद पडलं. त्यात ताईंचा काही हात नव्हता, पण आनंद त्यांनी पुरेपूर घेतला.

"थोडं चालतंच" हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं की ताईंच्या कपाळावर आठी पडायची, आणि तिथून पुढे तो माणूस त्यांच्या लेखी संपायचा. अशी संपलेली माणसं गावभर पसरली होती. थोडं उसवलं तर चालतंच म्हणणारा शिंपी होता, थोडं वाकडं लागलं तर चालतंच म्हणणारा सुतार होता. दात काढताना थोडं दुखतंच म्हणणारा एक डॉक्टरही होता, त्याचा बिचाऱ्याचा खरं तर काही दोष नव्हता.

घरातल्या माणसांपैकी ताईंच्या तिरस्काराचा सर्वांत जुना मानकरी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे 'सल्लागार' म्हणत. हे नाव ताईंनीच ठेवलेलं. तो एका कचेरीत खरेदी विभागात होता. म्हणजे टाचण्या, फायली आणि पंख्यांची पाती मागवायचा. पण त्याचं बोलणं ऐकून वाटावं की जगातली कुठलीही वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलत नाही. ताप आला की गोळी तो सांगणार, घर बांधलं की जिना कुठे हवा ते तो सांगणार. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्या खड्ड्यात गेल्या की उंटाला दोष द्यायचा, असा त्याचा खाक्या. तरी ताई त्याला जवळ करत. एक तर तो एकुलता एक भाऊ होता, आणि दुसरं म्हणजे हसायला असा माणूस घरातच मिळत असेल तर बाहेर कशाला जायचं.

ताईंचा जुना टेम्पो अखेर बसला. शेवटी शेवटी त्याच्या अंगातला खिळा न् खिळा वाजायचा, पण ताईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. म्हातारा होता, कण्हत होता, आणि कण्हणं लपवत नव्हता. नवी पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हा सल्लागाराने महिनाभर माहितीपत्रकं आणून घराची रद्दी दुप्पट केली. गाडी ताईंनीच ठरवली, पण शोरूममधून घरी आणायच्या दिवशी मोठ्या टाकीचे सांधे भरायचं काम अर्ध्यावर होतं. ते काम मध्येच सोडता येत नाही, चिकटा वाळतो.

"मी आणतो की," सल्लागार म्हणाला. "तू काच सोडू नकोस. गाडी काय, सरळ तर आणायची आहे."

दुपारी गेलेला माणूस संध्याकाळी गाडी घेऊन आला. गाडी वरपासून खालपर्यंत धुतलेली होती. नवी गाडी धुऊन आणली याचं ताईंना जरा नवल वाटलं, पण भावाने आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता काही काम केलं म्हणून त्या गप्प राहिल्या. एवढंच नव्हे, त्याच्या ताटात त्यांनी वाढताना हात सैल सोडला.

पहिली फेरी ताईंनी स्वतःच मारली. मागे घोंगड्यांत गुंडाळलेल्या टाक्या, पुढे हायवे. गावातून गाडी लोण्यासारखी निघाली. सत्तरपर्यंत काही नाही. ऐंशीला बुडाखाली कुणीतरी कुजबुजल्यासारखं झालं. नव्वदला सीट, पायाखालचा पत्रा, दारावरची बाटली, ताईंचा खालचा ओठ, सगळं एका सुरात थरथरायला लागलं. स्टिअरिंग मात्र हातात शांत होतं. आरशात पाहिलं तर मागून येणारा ट्रक एकाच्या जागी दोन दिसत होता. ताईंनी वेग कमी केला, थरथर गेली. वाढवला, पुन्हा आली. रस्त्याला दोष देऊन पाहिला, पण पुढे डांबराचा नवाकोरा पट्टा लागला आणि त्यावरही तेच.

एवढ्यावर भागलं असतं तर ताईंनी कदाचित सोडून दिलं असतं. नसतं सोडलं खरं तर, पण निदान राग मर्यादेत राहिला असता. पुढच्या काही आठवड्यांत दुकानांतून फोन येऊ लागले. टाक्या गळत होत्या. ताई जाऊन पाहून आल्या. सांधे शाबूत होते, पण कोपऱ्यात, काचेला काच टेकते तिथे, केसासारखी चीर. वाटेतल्या सततच्या थरथरीने काच काचेला खात होती. ज्या दुकानदाराला ताई इतकी वर्षं माल देत होत्या, तो भला माणूस त्यांच्या समाधानासाठी म्हणाला, "जाऊ द्या हो ताई. नव्या टाकीला थोडं झिरपतंच. आम्ही समजू शकतो."

ताई बाहेर पडल्या. गाडीत येऊन बसल्या आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही. ज्या वाक्यावर थुंकून त्यांनी धंदा उभारला, तेच वाक्य आज दयेपोटी त्यांच्या पदरात टाकलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शोरूमच्या सर्व्हिस विभागात हजर झाल्या. सोबत सल्लागार होताच. तक्रार करायची म्हटल्यावर त्याने कचेरीतून रजाच घेतली होती.

थंडगार खोली, कागदी पेल्यातली पाणचट कॉफी, आणि कोपऱ्यात एक माशांची टाकी. ताई आधी तिच्याकडे गेल्या. पाणी हिरवं, सांध्यावरचा चिकटा बोटाने फासल्यासारखा, आणि आत दोन मासे आयुष्याला कंटाळल्यागत एकमेकांकडे पाठ करून उभे. 'बाहेर हे, तर आत काय असेल,' ताईंनी मनाशी ताडलं.

आतून सर्व्हिस मॅनेजर आला. गळ्यात इतका लांब टाय की तो खाली वाकला तर टाय आधी पोचावा. ताईंनी त्याचं तिथेच 'टायवाला' असं बारसं करून टाकलं. त्याने सगळं बोलणं सल्लागाराकडे बघून केलं.

"सर, गाडी कोण चालवतं?"

"मी चालवते," ताई म्हणाल्या.

"बरं. तर सर, मॅडमना नेमकं काय जाणवतं?"

"मॅडम इथेच उभ्या आहेत," ताई म्हणाल्या. "मॅडमना विचारा."

गाडी आत गेली आणि दुपारी परत आली. चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, आत अत्तर फवारलं. थरथर होती तशीच, फक्त आता तिला गुलाबाचा वास येत होता. ताई पुन्हा गेल्या. चाकं पुढची मागे, मागची पुढे केली. पुन्हा गेल्या. या वेळी टायवाल्याने सांगितलं, ट्रायल घेतली, काहीच जाणवलं नाही.

"ट्रायल कुठे घेतलीत?"

"इथेच, मागच्या रस्त्याला."

"त्या रस्त्याला दर पन्नास पावलांवर गतिरोधक आहे. तिथे नव्वदने कोण गेलं?"

टायवाल्याने हसून टाय सरळ केला. "मॅडम, खरं सांगू का? हे या गाडीचं कॅरेक्टर आहे. लोड घेणारी गाडी आहे, थोडी थरथर असतेच. गाडीचा स्वभावच म्हणा ना."

ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कॉफी मागवली.

तोफ डागली ती सल्लागाराने. ग्राहक म्हणजे काय समजता, वरपर्यंत जाईन, तुमचे कागद मी वाचले आहेत, आम्ही काय रस्त्यावर पडलोय. तो इतका चढला की शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी आपली कॉफी त्याच्यासमोर सरकवली. ताईंना आश्चर्य वाटलं. हा माणूस स्वतःच्या पगारवाढीसाठीसुद्धा कधी इतका भांडला नव्हता. गाडीत बसल्यावर मात्र त्याचा सूर बदलायचा. "ताई, टायरमध्ये साधी हवा भरतेस म्हणून असेल." "ताई, मागे वाळूच्या गोण्या टाकून बघ." ताईंनी गोण्या टाकून पाहिल्या. गोण्यांसकट गाडी थरथरली. मग तो म्हणाला, "मी सांगू? विकून टाक. मनाला त्रास करून घेण्यात अर्थ नाही."

"नवी गाडी विकून टाकू?"

"मी आपलं सुचवलं."

घरी ताईंचा नवरा माशांना खाणं घालत होता. तो मुळात कमी बोलणारा, आणि जे बोलायचा ते बहुतेक वेळा माशांशी. त्या दिवशी तो म्हणाला, "गाडी थरथरते हे मला पटतं. पण तिच्यापेक्षा तुझा भाऊ जास्त थरथरतोय."

ताईंनी ते हसण्यावारी नेलं. भाऊ म्हणजे त्यांच्या दृष्टीने पूर्ण वाचून झालेलं पुस्तक, त्यात नवीन काय निघणार.

एकदा टायवाल्यालाच त्यांनी गाडीत घातलं आणि हायवेवर नेलं. नव्वदला काटा स्थिर करून विचारलं, "आता?"

"ना-ना-नाही मॅडम," टायवाला म्हणाला. त्याचे गाल हलत होते. "फा-फारसं ना-नाही."

"मग असे तुटक का बोलताय?"

त्यावर त्याने खिडकीबाहेर बघणं पसंत केलं.

ताईंच्या ओळखीच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याकडे अगदी हीच पिकअप होती. त्याची मागून घेऊन ताईंनी त्याच हायवेवर चालवली. नव्वदला ती गाडी अशी गेली की मागे गाढ झोपलेला माणूस कूस बदलणार नाही. हे टायवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जुळी भावंडं पण सारखी नसतात, मॅडम."

तेव्हा ताईंनी वेगळा मार्ग धरला. त्या रोज सकाळी कारखान्यातल्या बायकांना काम लावून द्यायच्या आणि शोरूमच्या थंड खोलीत जाऊन बसायच्या. भांडण नाही, आवाज नाही. नवी गाडी बघायला कुणी जोडपं आलं की त्यांच्याजवळ जाऊन आपुलकीने म्हणायच्या, "पिकअप बघताय? माझी बाहेर उभी आहे. चला, एक चक्कर मारून आणते. हिला स्वभाव आहे, तो आधी बघून घ्या. नंतर म्हणाल सांगितलं नाही." एक-दोघं खरंच चक्कर मारून आले, आणि परत आत न येता थेट आपल्या घरी गेले. टायवाल्याला घाम फुटला. त्याने वरच्यांना कळवलं, आणि वरच्यांनी कंपनीची इंजिनिअर पाठवली.

ती आली तेव्हा ताईंनी तिला पाहून मनातल्या मनात हात टेकले. बारीक चणीची, चष्मा लावलेली मुलगी, पाठीला दप्तर, आणि पायात असे पांढरेशुभ्र बूट की गाडीच्या कारखान्याची वाट त्यांनी कधी बघितलेलीच नसावी. 'आता हिला मी समजावून सांगायचं,' ताईंना वाटलं. 'नव्वदला थरथरते म्हटल्यावर ही बहुतेक घाबरून उतरेल.'

मुलीने फार प्रश्न विचारले नाहीत. काडेपेटीएवढं एक यंत्र सीटच्या पट्टीला चिकटवलं, त्याची वायर मांडीवरच्या लॅपटॉपला जोडली आणि म्हणाली, "चला. तुम्हीच चालवा. तुम्हाला जिथे जाणवतं तिथे नेऊन धरून ठेवा."

सल्लागार कॉफी प्यायला मागेच थांबला. हायवेवर नव्वदला ताईंनी गाडी धरली. मुलगी पडद्याकडे बघत होती. कॅरेक्टर नाही, स्वभाव नाही, काहीच म्हणाली नाही.

"आहे," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही बरोबर सांगत होता. आता गिअर काढून गाडी तशीच घरंगळू द्या." ताईंनी तसं केलं. थरथर तशीच राहिली. "म्हणजे इंजिन नाही," ती म्हणाली. "चाकंही नाहीत. चाक एकदा फिरतं तेवढ्यात इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, शाफ्ट, चारेक वेळा फिरतो. ही थरथर त्या शाफ्टच्या तालावर आहे. परत जाऊन गाडी वर चढवू, बघू."

हे इतकं साधं होतं आणि इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं. ताईंना परतीच्या वाटेवर चमत्कारिक वाटत राहिलं. आपलं काहीतरी चुकलं असं वाटायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते काय आहे हे ओळखायला वेळ लागला. मुलगी गाडीतून उतरली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बूट सांभाळ. आत खाली तेल असतं."

"हे कामाचेच आहेत," मुलगी म्हणाली. "दर रविवारी धुते."

गाडी वर चढवली. खाली चौघंजण माना वर करून उभे राहिले: मुलगी, टायवाला, ताई आणि कॉफीचा पेला हातात धरलेला सल्लागार. मुलीने बॅटरीचा झोत शाफ्टवर धरून हळूहळू तो हाताने फिरवला. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली. नळीसारख्या त्या दांड्याला एका बाजूला वाटीएवढा पोचा होता. शेजारच्या आडव्या पट्टीवर ओरखडे होते आणि खाचेत सिमेंटची करडी भुकटी अजून चिकटून होती.

"खालून काँक्रीट लागलंय," मुलगी म्हणाली. "गाडी कशावर तरी बसली होती. आणि ओढून काढली आहे."

टायवाल्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच मनापासून हसला. "म्हणजे वापरात झालेलं नुकसान. आमच्याकडून गाडी जाताना तपासूनच जाते, मॅडम. हे तुमच्याकडून झालंय."

"माझ्या चाकाखाली काडी मोडली तरी मला कळतं," ताई म्हणाल्या. "ही गाडी मी कशावरही घातलेली नाही."

"मग दुसऱ्या कुणी?"

"दुसरं कुणी चालवत नाही."

एवढं बोलून ताईंनी सवयीने मागे पाहिलं. आता तोफेची पाळी होती. ग्राहक म्हणजे काय समजता, वरपर्यंत जाईन, हे सगळं इथे यायला हवं होतं, आणि तेही वरच्या पट्टीत.

सल्लागार भिंतीशी ठेवलेल्या तेलाच्या पिंपावरचा कागद वाचत होता. लक्ष देऊन, ओळीवर बोट ठेवून.

ताईंनी त्याला लहानपणापासून पाहिलं होतं. झोपेत बोलताना, तापात बोलताना, दाताला भूल दिलेली असताना दाताच्या डॉक्टरला सूचना देताना पाहिलं होतं. गप्प बसलेला कधी पाहिला नव्हता. त्यांना आठवलं, गाडी आणायला हा दुपारी गेला होता आणि गाडी आली संध्याकाळी. धुतलेली.

त्या टायवाल्याकडे वळल्या. "शाफ्ट मागवा. खर्च माझा."

टायवाला गडबडला. जिंकलेलं भांडण अर्ध्यात संपल्यामुळे त्याला जिंकल्याचं सुखही धड मिळालं नाही. "तेच म्हणत होतो मॅडम, आमची काही चूक नव्हती."

"नव्हती," ताई म्हणाल्या. "पण गाडी इतक्या वेळा इथे आली, आणि तुमच्यापैकी एकानेही मान वर करून बघितलं नाही. या मुलीला बघायला किती वेळ लागला ते तुमच्या डोळ्यांदेखत आहे. चूक नव्हती हे तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? तुम्ही आपलं अत्तर मारून स्वभाव सांगत बसलात. आणि त्या बाहेरच्या टाकीतलं पाणी बदला, मासे मरायला टेकलेत."

शाफ्ट यायला अवकाश होता, म्हणून त्याच गाडीने बहीणभाऊ निघाले. हायवे लागल्यावर ताईंनी काटा नव्वदवर नेला आणि तिथेच धरून ठेवला. पत्रा थरथरायला लागला, दारावरची बाटली थरथरायला लागली.

"बोल," ताई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"जे पिंपावर वाचत होतास ते."

सल्लागाराने सांगितलं. शोरूममधून निघाल्यावर तो आधी कचेरीत गेला होता, मित्रांना गाडी दाखवायला. गाडी बहिणीची आहे हे सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं. मग एकाने विचारलं, काय ताकद आहे बघू तरी, म्हणून ते सगळे बांधकाम चाललेल्या नव्या रस्त्यावर गेले. तिथे मधोमध काँक्रीटचा ठोकळा पडला होता. मित्र म्हणाले बाजूने घे. त्याने सांगितलं की या गाडीची उंची तो माहितीपत्रकात वाचून आला आहे, ती आरामात वरून जाते. ती गेली नाही. ठोकळ्यावर बसली. मग दोघांनी ढकलून आणि तिसऱ्याने रिव्हर्स मारून ती ओढून काढली, आणि चौथ्याने धुवायची जागा दाखवली.

"आणि मग इतके दिवस?"

"मला वाटलं जाईल आपोआप."

"शाफ्टचा पोचा आपोआप जाईल."

"मला कुठे माहीत होतं शाफ्टचा आहे म्हणून."

"माहीत नव्हतं म्हणून इतकं ओरडत होतास होय. माझ्या टाक्या फुटत होत्या. माझ्या तोंडावर लोक झिरपतंच म्हणून सांगत होते. तू शेजारी बसून टायरमधल्या हवेचं सांगत होतास. वाळूच्या गोण्या वाहायला लावल्यास मला."

सल्लागाराने दारावरची थरथरणारी बाटली हाताने धरली. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. त्या दिवशीपुरती नाही. जन्मभर. माझ्या पोरांच्या लग्नात हा किस्सा सांगितला असतास."

ते खरं होतं हे ताईंना माहीत होतं. हसल्याच असत्या. आताही, रागाच्या तळाशी, ती 'आरामात वरून जाते' असं म्हणतानाची त्याची मुद्रा डोळ्यांपुढे येऊन त्यांच्या पोटात हसू हलत होतं. पण म्हणून त्याला सूट द्यावी असं त्यांना मुळीच वाटलं नाही. हसण्याला भिऊन जो बहिणीची गाडी मोडून गप्प बसतो, त्याच्यावर हसायचं नाही तर कुणावर.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चुकलंच त्याचं. पण तुझ्यासमोर चूक कबूल करायची म्हणजे..."

"म्हणजे काय? वाक्य पुरं कर."

"नको," तो म्हणाला आणि माशांकडे वळला.

ते वाक्य ताईंनी स्वतःशी दोन-तीन प्रकारे पुरं करून पाहिलं. एकही प्रकार त्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी तो विषय बंद केला.

शाफ्ट बदलला. गाडी नव्वदला काय, शंभरलाही पाण्यावरून गेल्यासारखी जाऊ लागली. चिरा गेलेल्या टाक्यांच्या जागी ताईंनी नव्या बनवल्या, आणि त्या पोचवायला सल्लागाराला सोबत घेतलं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी, न विचारता. टाकी उतरवायची त्याने आणि कारण सांगायचंही त्याने.

पहिल्या दुकानात त्याने घसा साफ केला. "त्याचं असं झालं, की वाहनाच्या काही तांत्रिक अडचणीमुळे..."

ताई नुसत्या खोकल्या.

"मी ताईची गाडी काँक्रीटवर घातली," सल्लागार म्हणाला, "आणि तिला सांगितलं नाही. टाक्यांत खोट नव्हती."

तो भला दुकानदार आधी त्याच्याकडे, मग ताईंकडे बघत राहिला आणि मग काउंटरला धरून हसला. दुसऱ्या दुकानातही तेच झालं. तिसऱ्या दुकानापर्यंत सल्लागाराला सांगण्याची लय सापडली. ठोकळा किती मोठा होता ते तो हात पसरून दाखवायला लागला, आणि चौथ्या दुकानात तर गाडी ओढून कशी काढावी याचा सल्लाच देऊन आला. माणसाला शिक्षा करावी तर तिच्यातही तो खुर्ची ओढून बसतो, हे बघून ताईंना त्याचा नव्याने तिटकारा आला.

परतीच्या वाटेवर तो दमून झोपला. तोंड उघडं, मान खिडकीला टेकलेली, आणि गाडी इतकी शांत की काचेवर त्याचं डोकं जरासुद्धा आपटत नव्हतं. ताईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा काट्याकडे पाहिलं. मागे अजून एक टाकी बाकी होती, सर्वांत मोठी, आणि ते दुकान जिना चढून वर होतं. त्यांनी त्याला वळणापर्यंत झोपू दिलं. मग दुकानासमोर गाडी उभी केली आणि कोपराने त्याला ढोसलं.

"ऊठ. आणि खालून धर, वरून नको."